अस्सल वाळू

बाबांना ॲरिझोनाचं वाळवंट पसंत पडलं नव्हतं. फिनिक्सच्या विमानतळावरून चँडलरला माझ्या घरी येताना त्यांनी गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "हे कसलं डेझर्ट? याला झाडं आहेत." निवडुंगांना झाडं म्हणत होते ते. बाबांची उमेदीची सगळी वर्षं सौदीत, दम्मामला गेली. माझी शाळाही तिथलीच. त्यामुळे वाळवंट कसं असावं याबद्दल आमच्या घरात एकाच माणसाला मत असायचं.

दम्मामला सुट्टी शुक्रवारी. पहाटेच बाबा आम्हाला थरमॉस, दशम्या आणि चटईसकट गाडीत कोंबायचे आणि शहराबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांत न्यायचे. चाकांतली हवा थोडी सोडायची, म्हणजे गाडी रुतत नाही, ही त्यांची विद्या. इतरांच्या गाड्या रुतायच्या आणि बाबा त्या ओढून काढायचे, त्यामुळे त्यांची छाती दोन इंच फुगलेली असायची. भाद्रपद जवळ आला असला की परत निघताना आई दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून घ्यायची. हरतालिकेला वाळूची पिंड करून पुजतात. सौदीत पूजा म्हणजे पडदे ओढून, घंटा न वाजवता, आरती कुजबुजत. वाळू मात्र हवी तेवढी.

"पार्वतीलासुद्धा एवढी मिळाली नसेल," बाबा म्हणायचे.

आई हरतालिका कडक करायची. दिवसभर पाण्याचा थेंबही नाही. बाबा तिच्यासमोर बसून गार ताक प्यायचे आणि आम्हाला सांगायचे, "तुमची आई माझं आयुष्य वाढवतेय, कुणी डिस्टर्ब करू नका." आई हसायची. मला मोठी झाल्यावर त्या हसण्याचाही राग यायचा.

या वर्षी दोघं ऑगस्टमध्ये माझ्याकडे होती, तेव्हा वाळूचा प्रश्न आलाच. मी हार्डवेअरच्या दुकानातून लहान मुलांच्या खेळायच्या वाळूची गोणी आणली. धुतलेली, पांढरी, गोणीवर हसणाऱ्या मुलाचं चित्र. आईने चिमूटभर हातावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "चालेल गं." बाबांना चालणार नव्हतं.

"पिशवीतली वाळू? अगं, तीन तासांवर डोंगराएवढ्या टेकड्या आहेत वाळूच्या. यूमाच्या पलीकडे. मी नकाशात बघून ठेवल्यात. अस्सल वाळू आणू आपण."

"बाबा, ऑगस्ट आहे. लोक तिथे थंडीत जातात."

"आम्ही दम्मामला काय थंडीची वाट बघायचो?"

माझा नवरा मिहीर ऑफिसच्या कामाने तैवानला गेला होता. तो असता तर त्याने हा बेत गोड बोलून मोडला असता. मला गोड बोलता येत नाही, आणि बाबांशी भांडून आजवर मी एकदाही जिंकलेली नाही.

पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरात हरतालिका सोमवारी होती, म्हणून रविवारी जाऊन यायचं ठरलं. पहाटे अंधारात निघालो. उजाडल्यावर पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा मी आईसाठी कॉफी आणली. आईने कप हातातही घेतला नाही.

"मला नको. आज हरतालिका आहे."

"उद्या आहे ना?"

"तिथे उद्या. इथे आज. काल सीमाकाकूंचा फोन आला होता. इथल्या पंचांगात एक दिवस आधी येते कधीकधी."

सीमाकाकू आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या. त्यांना असल्या गोष्टी नेमक्या कळतात आणि नेमक्या आदल्या संध्याकाळीच कळतात.

"मग कालच का नाही सांगितलंस? कॅन्सल केलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं. ह्यांनी एवढं ठरवलंय. तिथेच पिंड करीन, पूजा करीन, दुपारच्या आत घरी. आणि शंका नको म्हणून उद्या तिथलीही करीन."

"दोन दिवस? पाण्याशिवाय?"

"डबल इन्शुरन्स," मागच्या सीटवरून बाबा म्हणाले आणि खो खो हसले. मी गाडी सुरू केली. उगाच कशाला खोटं बोलू, त्या वेळी मलाही हसू आलं होतं.

टेकड्या खरंच अस्सल होत्या. रस्ता एका वळणावर वर चढला आणि समोर नुसती वाळू, पिवळी, आभाळापर्यंत. बाबांनी गाडीची काच खाली केली. मग हळूच म्हणाले, "शुभा, बघ." आईनेही पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर मी न पाहिलेलं काहीतरी तरुण आलं. मला बरं वाटलं. तेवढंच त्या दिवसातलं बरं वाटणं.

रस्त्याकडेला उन्हाळ्यातल्या धोक्याचा बोर्ड होता. चिटपाखरू नव्हतं. बाबांनी स्टिअरिंग मागितलं. रस्त्यालगतच्या वाळूत चाकांचे माग होते, ते त्यांना नको होते. "ही उष्टी वाळू. पूजेला नको. थोडं आत जाऊ." थोडं आत म्हणजे कच्च्या वाटेने आत, मग वाट सोडून आणखी आत. मी दोनदा बस म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत पुढची चाकं एका खोलगट जागेत उतरली आणि गाडी पोटावर बसली.

"काही नाही," बाबा म्हणाले. खाली उतरून त्यांनी चारी चाकांतली हवा सोडली, हातांनी वाळू उपसली, गाडीतली पायपुसणी चाकांखाली घातली. सगळं दम्मामसारखं. पण दम्मामची ती जाडजूड जीप होती आणि ही माझी मॉलला जायची गाडी. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाकं फिरली, गाडी आणखी खाली गेली. त्यांनी पुन्हा दाबला. खालून दगडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, डॅशबोर्डवर लाल दिवे लागले, आणि बॉनेटखालून गोडसर जळका वास यायला लागला. वाळूत हिरवट पाणी झिरपत होतं. एसीतून गरम हवा आली. मग तीही बंद झाली.

मी फोन पाहिला. सिग्नल शून्य. सॅटेलाइटशी बोलणारा नवा फोन मिहीरकडे, तैवानला. माझा जुना.

"पाणी काढ आधी," बाबा म्हणाले. मी डिकी उघडली. पूजेची पिशवी होती, दशम्यांचा डबा होता, टोपल्या होत्या. पाण्याच्या बाटल्यांचा खोका नव्हता. तो मी गॅरेजच्या दाराशी ठेवला होता, बाबा उचलतील म्हणून. बाबांना वाटलं मी उचलला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं इतर वेळी आई म्हणाली असती. गाडीच्या दारात आणि सीटखाली मिळून पाच बाटल्या निघाल्या, त्यातल्या दोन अर्ध्या.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

गाडीत बसणं अशक्य होतं. गाडीच्या बाजूला हातभर सावली होती, तिथे चटई टाकून आम्ही आईला बसवलं. चटईखालची वाळूही तापलेली. वारा सुटला तर उलट जास्त भाजायचं. आईचा चेहरा लालबुंद झाला होता. ती शांतपणे पूजेची पिशवी उघडत होती.

"शुभा, आधी पाणी पी," बाबा म्हणाले.

"उपास आहे माझा."

"आज सोड. मी सांगतोय, सोड. माझ्यासाठीच करतेस ना? मीच सांगतो."

"तुम्ही कोण सांगणारे? तुमच्याकडे थोडंच मागतेय मी."

मी बाबांकडे पाहिलं. ताक पिऊन चिडवणारा माणूस त्यांच्यात कुठे दिसत नव्हता. त्यांनी आईच्या दंडाला हात लावला. दंड कोरडा होता. एवढ्या उन्हात आईला घाम येत नव्हता. तिला उष्माघात होतोय, हे बाबांना कळत होतं आणि मलाही.

मी फोन घेऊन समोरच्या टेकडीवर चढले. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. वर पोचले, फोन उंच धरला, गोल फिरले, काही नाही. चारी दिशांना सारखंच दिसत होतं. रस्ता कुठे राहिला तेही कळेना. फोन तापून आपोआप बंद पडला. मी धडपडत खाली आले, तर आई एकटीच होती.

"बाबा कुठायत?"

"गेले."

"कुठे गेले?"

"रस्त्याकडे. मदत आणतो म्हणाले."

"तू जाऊ दिलंस?"

"मी सांगून कधी थांबलेत?"

वाळवंटात गाडी सोडायची नाही. गाडी सापडते, माणूस सापडत नाही. हे वाक्य बाबांनी मला अ आ इ च्याही आधी शिकवलं होतं. दम्मामला त्यांच्या कंपनीतला एक ड्रायव्हर असाच गाडी सोडून चालत गेला होता, त्याची गोष्ट ते नव्या माणसांना मुद्दाम सांगायचे. आता तेच बाबा, वयाची सत्तरी उलटलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळून, आईची घडीची छत्री आणि एक अर्धी बाटली घेऊन गेले होते. भरलेल्या बाटल्या त्यांनी आमच्यासाठी ठेवल्या होत्या.

"अर्धी कशी नेली? तू म्हणाली का नाहीस?"

"मी म्हणाले. तर हे म्हणाले, तू पीत असशील तर मी भरलेली नेतो, नाहीतर ही तुझ्या शेजारी राहू दे. कधीतरी हात जाईल."

आई पाणी पीत नव्हती, कारण बाबांना काही होऊ नये. बाबा उन्हात चालत गेले होते, कारण आई पाणी पीत नव्हती. आयुष्यभर एकमेकांसाठी चहात साखर किती यावर भांडलेली ही दोन माणसं आता एकमेकांच्या प्रेमापायी मरायला निघाली होती, आणि मी मध्ये बसले होते. मला दोघांचाही इतका संताप आला की रडू फुटलं. बाबांच्या पावलांचे ठसे टेकडीला वळसा घालून गेले होते. त्यांच्या मागे जावं तर आई एकटी. आईजवळ थांबावं तर बाबा एकटे. मी थांबले. विचार करून थांबले असं नाही, पाय उचलले नाहीत.

आईने वाळू ओढून पिंड करायला घेतली. कोरडी वाळू, पिंड बसेना. तिने बाटलीकडे हात केला, मला वाटलं सुटलो. तिने झाकणभर पाणी वाळूत ओतलं.

"आई!"

"माझ्या वाटचं आहे. मी पिणार नाहीच."

पिंड झाली. तिने फुलं वाहिली, चँडलरहून आणलेली, मान टाकलेली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी तिची ओढणी थोडी भिजवून डोक्यावर घातली. तेवढं तिने करू दिलं. ओढणी बघता बघता वाळली. मी दोन घोट प्यायले, आणि आईसमोर पिताना चोरी केल्यासारखं वाटलं.

मग मी वाद घालायला लागले. मला तेच येतं.

"आई, हे बघ. तुझ्या कॅलेंडरात उद्या आहे. छापलेलं आहे. मग आज उपास नाहीच. उद्या घरी एसीत बसून कर."

"संकल्प केलाय मी सकाळी."

"बरं, मग तुझ्या पुण्यात आत्ता मध्यरात्र उलटून गेलीय. तिथे रविवार संपला. म्हणजे आजचा झाला."

"म्हणजे तिथला लागला," आई म्हणाली. "इथला संपायच्या आत." आणि ती हसली. ओठ फुटून रक्त आलं.

"तुझा खरंच विश्वास आहे? तू पाणी प्यायलीस तर बाबा मरतील?"

तिने पिंडीवरचं फूल सारखं केलं. मग म्हणाली, "तू पोटात होतीस. दम्मामला. दवाखान्यातल्या सिस्टरने दटावून पाणी पाजलं. त्याच महिन्यात ह्यांची गाडी उलटली."

"वाचले की ते!"

"वाचले. पण उलटली ना."

पालथ्या घड्यावर पाणी. मी स्वतःशी म्हणत राहिले की ही अंधश्रद्धा आहे, योगायोग आहे, गाडी टायर फुटून उलटली होती, मला बाबांनीच सांगितलंय. सगळं खरं होतं. तरी मी दर क्षणाला टेकडीच्या कडेकडे बघत होते.

सावली गाडीखाली सरकत गेली. मी आईला ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं. तिला उभं राहता येईना. तिने मला विचारलं, "जेवलीस का गं?" मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "पडदे ओढून घे. बाहेर आवाज जाईल." मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. ती दम्मामच्या घरात होती. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि श्वास तुटक येत होता.

"आई, आई, पाणी पी."

तिने तोंड घट्ट मिटलं. शुद्ध हरपत चालली होती, तरी ते मिटणं पक्कं होतं.

मग मी जे केलं ते असं. मी तिच्या मागे बसले, तिचं डोकं माझ्या छातीशी दाबलं आणि एका हाताने तिचं नाक धरलं. लहानपणी मला औषध पाजायला ती हेच करायची. तिने श्वासासाठी तोंड उघडलं आणि मी बाटली आत घातली. ती थुंकली. पाणी वाळूत गेलं. ती माझ्या मनगटाला चावली. मी पुन्हा नाक धरलं. "गीळ," मी ओरडले, "गीळ म्हणते ना!" ती हातपाय झाडत होती आणि तिच्या अंगात तेवढीही ताकद नव्हती. मला तिला इजा होईल याची भीती वाटत होती, आणि तरी मी सोडलं नाही. शेवटी तिच्या गळ्यातून घोट खाली उतरल्याचं मला माझ्या छातीला जाणवलं. मग दुसरा. मग ती स्वतःहून ओढायला लागली, डोळे मिटून, तान्ह्या बाळासारखी. मी थोडं थोडं पाजत राहिले. उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. या वेळी मी तिला दिसले. तिने जिभेने ओठ चाचपले, रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "मी नाही प्यायले. तू पाजलंस."

"हो. मी पाजलं."

"मग माझं मोडलं नाही."

"नाही मोडलं."

तिने मान हलवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मोडलं होतं, आणि मोडणारी मी होते, हे आम्हा दोघींमध्ये ठरून गेलं. त्यानंतरची भीती मला शब्दांत सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते. आधी मला बाबांना ऊन लागेल, ते वाट चुकतील, पडतील अशी भीती होती. आता वाटायला लागलं की त्यांना काही झालं तर ते मी केलं. माझा देवावर विश्वास नाही, व्रतावर तर मुळीच नाही. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पण भीतीला विश्वास लागत नाही. मी त्या वाळूच्या पिंडीकडे बघून मनात म्हणाले, तिने नाही, मी केलं, काय करायचं ते माझं कर. हे मी म्हणाले. अजून ऐकू येतं मला.

ऊन कलायला लागलं तेव्हा इंजिनाचा आवाज आला. टेकडीवरून एक पांढरा ट्रक उतरला. मी धावत गेले. आत दोन माणसं होती. देशाच्या सीमेवर गस्त घालणारी. बाबा नव्हते.

"माय फादर," मी ओरडले, "व्हेअर इज माय फादर?"

त्यातला एकजण आईजवळ गुडघे टेकून बसला. दुसरा माझ्याशी बोलत होता. ही इज अलाइव्ह, मॅम. ॲम्ब्युलन्सने पुढे गेलेत. अलाइव्ह एवढाच शब्द मला समजला, बाकी काही समजलं नाही. आई इंग्रजीत कुणाला काही विचारत नाही, पण तिने त्या माणसाचा हात धरून विचारलं, "हिज लाइफ?" तो म्हणाला, "यस, मॅम."

यूमाच्या हॉस्पिटलमध्ये दोघांना शेजारी शेजारी ठेवलं, मध्ये नुसता पडदा. तो मीच बाजूला सारला. आईच्या हातात सलाइन, बाबांच्या दोन्ही हातांत. बाबांचा चेहरा करपला होता, ओठ काळे पडले होते. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेली. उन्हाने आणि चालण्याने स्नायू फुटलेत, त्याचा चोथा मूत्रपिंडात अडकलाय, लघवी जवळजवळ बंद आहे. वय पाहता काही सांगता येत नाही. उद्या सकाळच्या रिपोर्टवर कळेल. तिने ते शांतपणे सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवायला नको होता. मी समजले.

आत आले तर बाबा जागे होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज घोगरा.

"एक गाडी आधी आली होती, चारू. दुपारीच. मला ज्यांनी उचललं त्यांच्यासारखीच, पांढरी, हिरव्या पट्ट्याची. मी झुडपामागे बसून राहिलो. जाऊ दिली."

"का?" मी जवळजवळ ओरडले.

"पासपोर्ट तुझ्या कपाटात राहिला होता. खिशात काहीच नाही. मंडळात परवा सगळे बोलत होते ना, कागद नसले तर उचलून नेतात. म्हटलं मला नेलं तर तुम्हाला कोण शोधणार."

दम्मामला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात नसला की पोलीस आत टाकायचे. बाबा कचरा टाकायला जातानाही इकामा घेऊन जायचे. ती सवय त्यांना त्या झुडपामागे घेऊन बसली. नंतरची गाडी येईपर्यंत ते रस्त्याकडेला पडले होते. छत्री उडून गेली होती. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"भीती नाही वाटली तुम्हाला?"

"कसली?" बाबा म्हणाले. त्यांनी मान वळवून आईच्या पलंगाकडे पाहिलं. "हिने धरलं होतं ना. मी चालताना तेच म्हणत होतो. शुभा तिथे पाण्याशिवाय बसलीय, मला काय होणार आहे? पडलो तेव्हाही तेच म्हटलं. दरवर्षी चेष्टा करतो, पण मनातून..." त्यांना धाप लागली. "शुभा. थेंबही नाही ना घेतलास?"

ताक पिऊन चिडवणारे माझे बाबा. मला आजवर वाटत होतं घरात विश्वास फक्त आईचा आहे. आईचा मोडला तर मोडला, बाबा हसण्यावारी नेतील. आणि इथे ते सगळा भार तिच्या उपासावर टाकून पडले होते. उद्या सकाळपर्यंत त्यांना धरून ठेवायला दुसरं काहीच नव्हतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत दटावणं नव्हतं, विनवणी होती. मी गप्प राहिले.

"नाही हो," आई म्हणाली. तिच्या हातातल्या नळीतून सलाइन थेंब थेंब उतरत होतं. "थेंबही नाही."

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

नर्स आली. तिने माझे फुटलेले ओठ पाहिले, मनगटावरचे दातांचे वण पाहिले. बर्फ घातलेल्या पाण्याचा मोठा ग्लास माझ्या हातात दिला. "ड्रिंक अप, हनी. यू नीड इट."

ग्लास गार होता. दिवसभरात मला याच्याएवढी दुसरी कशाचीही इच्छा झाली नव्हती. मी तो ओठांपर्यंत नेला आणि पलीकडच्या पलंगावर बाबांची छाती वर खाली होताना दिसली. कुणीतरी धरलंय, या भरवशावर ते झोपले होते. आणि धरलेलं कुणीच नव्हतं.

मी ग्लास खाली ठेवला.

"टुमॉरो मॉर्निंग," मी नर्सला म्हणाले.

ती काहीतरी समजावू लागली. मी नुसती मान हलवत राहिले. आई पलंगावरून सगळं बघत होती. एरवी तिने मला रागे भरून तो ग्लास प्यायला लावला असता. एकदा जरी पी म्हणाली असती, तरी मी प्यायले असते.